न उडणाऱ्या मादीचा प्रवास

पडद्यावर जे दोन पतंग दिसताहेत, ते दोन वेगळ्या जातींचे आहेत असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल. डावीकडचा लहान, तपकिरी, चणीने सडपातळ, आणि मिशा पिसासारख्या फुललेल्या. उजवीकडचा चांगला मोठा, मळकट पांढरा, पंखांवर काळ्या नागमोडी रेघा, आणि पोट असं भरलेलं की पंखांना ते पेलेल का, अशी शंका यावी. ती शंका बरोबर आहे, तिच्याकडे आपण येऊच. पण हे नवरा-बायको आहेत. १७५८ साली लिनियसने या जातीला नाव देताना 'डिस्पार' हा शब्द निवडला तो याच कारणाने. डिस्पार म्हणजे विजोड.

आम्ही इतिहासाचे लोक आहोत, कीटकशास्त्राचे नाही. पण या पतंगाचा इतिहास वाचताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. इथे सरकारी अहवाल, अर्थसंकल्प, खटले हा सगळा पुरावा आहेच. पण त्या अहवालांमध्ये माणसं जे निर्णय घेतात ते का घेतात, हे समजायला पतंगाचं अंग वाचता यावं लागतं. म्हणून आधी थोडं अंगाकडे बघू.

या जातीचा वंश, म्हणजे ज्याला जीनस म्हणतात तो, 'लिमँट्रिया'. हे नाव १८१९ साली ह्यूब्नर नावाच्या जर्मन संशोधकाने दिलं आणि त्याचा ग्रीक अर्थ आहे नासधूस करणारी. या वंशात आज दीडशेहून अधिक जाती धरल्या जातात, युरोपपासून जपानपर्यंत आणि खाली थेट आग्नेय आशियापर्यंत. हा वंश ज्या गटात मोडतो त्या पतंगांना इंग्रजीत टसॉक मॉथ म्हणतात. टसॉक म्हणजे गवताचा झुबका. त्यांच्या सुरवंटांच्या अंगावर केसांचे असे झुबके असतात, त्यावरून हे नाव. आपल्याकडे 'सुरवंट' म्हटलं की अळी डोळ्यांसमोर येण्याआधी अंगाला खाज सुटते, ती या केसांचीच आठवण.

लिमँट्रिया डिस्पारचा पूर्ण वाढलेला सुरवंट पाच-सहा सेंटिमीटर लांब असतो. पाठीवर उंचवट्यांच्या जोड्या : पुढच्या पाच निळ्या, मागच्या सहा लाल, आणि प्रत्येक उंचवट्यातून केसांचा फवारा. शेपटीच्या बाजूला पाठीच्या मधोमध दोन छोट्या लालसर ग्रंथी दिसतात. ती या संपूर्ण गटाची खूण आहे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीचे केस तिच्या अंगाच्या मानाने फार लांब असतात. ती झाडाच्या शेंड्याकडे जाते, रेशमाचा एक धागा सोडून लोंबकळते, आणि वारा आला की धाग्यासकट उडून जाते. म्हणजे या जातीत लांबचा प्रवास अळी करते. पंख असलेली आई करत नाही.

आता आईकडे येऊ. कोषातून बाहेर पडल्यावर हे पतंग काही खात नाहीत. त्यांची सोंड नावापुरतीच असते. सुरवंट असताना जे खाल्लं त्यावरच उरलेले थोडे दिवस काढायचे. युरोपातल्या मादीला पूर्ण वाढलेले पंख असतात, पण ती उडत नाही. कोषाजवळच बसून गंध सोडते. तो गंध नराच्या त्या पिसासारख्या मिशांना लागतो आणि तो वेड्यावाकड्या वळणांनी तिच्यापर्यंत येतो. मग ती जवळच कुठेतरी पाचशे-सहाशे अंडी एका गठ्ठ्यात घालते आणि त्यावर स्वतःच्या पोटावरचे पिवळट केस थापते. हा गठ्ठा दिसतो चामड्याच्या रंगाच्या स्पंजच्या तुकड्यासारखा. जुलै-ऑगस्टमध्ये घातलेली ही अंडी बर्फातून हिवाळा काढतात आणि वसंतात फुटतात. याच वंशातली दुसरी एक जाती, लिमँट्रिया मोनाका, अंडी सालीच्या फटीत खोल घालते आणि त्यांवर केसांचं पांघरूण घालत नाही. म्हणजे हे पांघरूण हा काही साऱ्या वंशाचा नियम नाही. डिस्पारला मात्र ते असल्यामुळे तिची अंडी उघड्यावर कुठेही चालतात : दगडावर, कुंपणावर, गाडीच्या चाकाजवळ, घराच्या वळचणीला.

एवढं अंग लक्षात ठेवा. आता माणूस येतो.

एत्येन लेओपोल्द त्रुवेलो. जन्म १८२७, उत्तर फ्रान्स. मताने प्रजासत्ताकवादी. १८५१ च्या डिसेंबरमध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर हा गृहस्थ बायकामुलांसह अमेरिकेला आला आणि पुढे बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावात मर्टल स्ट्रीटवर राहू लागला. पोटापाण्यासाठी चित्रं काढायची, आणि मागच्या अंगणात सुरवंट पाळायचे.

सुरवंट कशाला? रेशमासाठी. त्या काळात युरोपच्या रेशीमउद्योगाला पेब्रिन नावाच्या रोगाने ग्रासलं होतं. १८६५ मध्ये फ्रेंच सरकारने पाश्चरसारख्या माणसाला त्या कामाला जुंपलं, यावरून संकटाची कल्पना येईल. नेहमीचा रेशीमकिडा मरत असेल तर दुसरा एखादा रानटी, काटक किडा चालेल का, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या डोक्यात होता. त्रुवेलोने अमेरिकेतला पॉलिफेमस नावाचा मोठा रानपतंग निवडला. तो आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर ऐनाच्या झाडांवर ज्या टसर किड्याचा कोसा पिकवतात, त्याच्याच वंशातला हा अमेरिकन भाऊबंद. कोसा पिकवणारे पाखरांपासून किड्यांची राखण करतात, तशी त्रुवेलोलाही करावी लागली. त्याने सुमारे पाच एकर झाडोऱ्यावर जाळी टाकली. १८६७ मध्ये 'अमेरिकन नॅचरॅलिस्ट' मासिकात त्याने या प्रयोगाबद्दल लिहिलं, त्यात आपल्याकडे दहा लाख सुरवंट असल्याचा उल्लेख आहे. छंद म्हणावा तर हा आकडा फारच मोठा आहे.

त्यानंतर तो युरोपात जाऊन आला आणि येताना डिस्पारची अंडी घेऊन आला. १८६८ किंवा ६९ मध्ये त्याच्याकडचे काही सुरवंट निसटले. कुणी सांगतं जाळी फाटली, कुणी सांगतं खिडकीतली अंडी वाऱ्याने उडाली. रेशीमकिड्याशी संकर करण्यासाठी त्याने हा पतंग आणला, अशी एक कथा सगळीकडे छापलेली सापडते. तिचा पुरावा आम्हाला फारसा भक्कम वाटत नाही. पण त्या काळात असं एखाद्याला वाटणं शक्य होतं, कारण रेशीमकिडा, पॉलिफेमस आणि डिस्पार ही सगळी मंडळी तेव्हा 'बॉम्बिक्स' या सैल नावाखाली एकत्र वावरत असत. सुरवंट आहे, धागा काढतो, कोष करतो, मग तो रेशीमवाल्यांच्या भावकीतलाच. प्रत्यक्षात ही तीन वेगळी कुळं आहेत आणि डिस्पारचा कोष म्हणजे पानांना कसेबसे बांधलेले चार धागे असतात.

आपल्या हातून काय झालं हे त्रुवेलोला कळलं होतं आणि त्याने ते लपवलं नाही. १८७० मध्येच कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी एका मासिकात, नाव न घेता, मॅसॅच्युसेट्सच्या एका कीटकप्रेमीकडून हा पतंग चुकून न्यू इंग्लंडमध्ये आल्याचं नोंदवून ठेवलं. पण कुणी हललं नाही. त्रुवेलोने कीटकांचा नाद सोडला. त्याच सुमारास त्याने आकाशातला ध्रुवीय प्रकाश पाहिला, तो रेखाटला, आणि त्या चित्रांच्या जोरावर १८७२ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत चित्रकार म्हणून लागला. शनी, गुरू, सूर्यावरचे डाग, धूमकेतू यांची त्याची चित्रं आजही संग्रहालयांत जपलेली आहेत. १८८२ मध्ये तो फ्रान्सला परतला. चंद्रावर आणि मंगळावर त्याच्या नावाचं एकेक विवर आहे. मर्टल स्ट्रीटवर त्याच्या मागे जे राहिलं, ते मात्र कुणाच्या नावावर चढलं नाही.

जवळजवळ वीस वर्षं काहीच घडलं नाही, म्हणजे बाहेरून तरी तसं दिसलं. मादी उडत नाही, त्यामुळे पसरण्याचा वेग कमी. त्या गल्लीतल्या लोकांना सुरवंटांचा त्रास दरवर्षी होत होता, पण ते त्याला आपल्याच अंगणातली पीडा समजत होते. १८८९ च्या उन्हाळ्यात बांध फुटला. पुढे जो सरकारी अहवाल निघाला त्यात गावकऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, जबान्या आहेत. आम्हाला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत वाचनीय भाग. भर उन्हाळ्यात झाडं निष्पर्ण. पदपथ चिरडलेल्या सुरवंटांनी निसरडे झालेले. भिंती काळ्या दिसाव्यात इतकी दाटी. केराच्या सुपलीने गोळा करून जाळायचे, तासाभरात पुन्हा तितकेच. दोरीवर वाळत घातलेले कपडे घालण्यापूर्वी झटकायचे, अंथरूण झटकायचं. रात्री झाडाखाली उभं राहिलं तर पानं कुरतडल्याचा आवाज येई.

आणि इतकं होऊनही हा किडा कोणता, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. नमुने ॲमहर्स्टच्या शेतकी संशोधन केंद्राकडे गेले. तिथले प्राध्यापक चार्ल्स फर्नाल्ड त्या वेळी युरोपात होते. नमुने ओळखले ते त्यांच्या पत्नी मारिया फर्नाल्ड आणि मुलगा हेन्री यांनी. मारियाबाई स्वतः पतंगांच्या जाणकार होत्या. अळीच्या पाठीवरच्या निळ्या-लाल ठिपक्यांपासून त्यांनी युरोपातल्या एका जातीपर्यंत माग काढला. आणि हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. लिनियसने तिला फलीना म्हटलं होतं, रायलीने हिपोजिम्ना, इतर कुणी ऑक्नेरिया, आणि सरकारी अहवाल तिला पोर्थेट्रिया म्हणणार होता. एकाच किड्याची इतकी नावं म्हटल्यावर त्याच्याबद्दल आधी कुणी काय लिहून ठेवलंय हे शोधायला नावांची जंत्री पाठ असणारं माणूसच लागतं. रायलीची वीस वर्षांपूर्वीची नोंद वाया का गेली, याच्या कारणांत आम्ही हेही एक धरू.

१८९० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने या पतंगाचा पूर्ण नायनाट करायचं ठरवलं आणि सुरुवातीला २५ हजार डॉलर मंजूर केले. आवर घालायचा नव्हता, नायनाटच करायचा होता. आज हे वेडं साहस वाटतं. पण त्या लोकांच्या जागी बसून बघा. मादी उडत नाही. अंडी उघड्यावर, ठळक दिसणारी, आठ-नऊ महिने जागच्या जागी. मोठे सुरवंट दिवसा झाडावरून उतरून सालीच्या फटीत लपतात. इतक्या सोयीचा शत्रू कुठे मिळणार! प्रत्येक झाड तपासा, प्रत्येक गठ्ठ्यावर क्रिओसोट तेल लावा, खोडाला गोणपाटाचा पट्टा गुंडाळा, दुपारी पट्टा उचलून खाली लपलेले सुरवंट मारा. काम संपलं. एडवर्ड फॉरबुश नावाच्या पक्षीतज्ज्ञाच्या हाताखाली शेकडो माणसं दहा वर्षं हेच करत होती. फॉरबुश आणि फर्नाल्ड यांनी १८९६ मध्ये काढलेला जाडजूड अहवाल बघितला तर त्यातली चित्रं थक्क करतात : शिड्या लावून एकेका एल्म वृक्षाची फांदी न् फांदी तपासणारी माणसं.

त्यांची चूक शोधायची तर ती आळसात नव्हती. उलट एकच लक्षण फार बारकाईने वाचलं गेलं आणि त्याला लागून असलेलं दुसरं मागे पडलं. आई उडत नाही हे खरं, पण तिचं पिल्लू वाऱ्यावर जातं, आणि तिची अंडी गाडीला चिकटून जातात. मेडफर्ड हे काही आडगाव नव्हतं. बॉस्टनच्या आसपासच्या रस्त्यांवरून लाकूड, दगड, फर्निचर, भाजीपाल्याच्या गाड्या रोज जात होत्या.

विषाचा अध्याय इथेच सुरू होतो. आधी 'पॅरिस ग्रीन' हे तांबं आणि आर्सेनिकचं विष फवारलं. सुरवंट त्याला पुरेसे मरत नव्हते आणि पानं मात्र करपत होती; शिवाय लोकांनी विरोध केला, सभा घेतल्या. मग १८९२ मध्ये याच मोहिमेसाठी शिशाचं आर्सेनेट तयार झालं. ते पानाला चिकटून राही, पान करपवत नसे. फार यशस्वी ठरलं. इतकं की पुढे अर्धशतकभर अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांत तेच फवारलं गेलं. बागा गेल्या, घरं आली, आणि तिथल्या जमिनीत शिसं नि आर्सेनिक अजून सापडतं.

तरीही १८९९ पर्यंत पतंग खरोखरच दिसेनासा झाला होता. तेव्हा विधिमंडळातल्या काही जणांना वाटलं, की एवढा पैसा कशाला? दिसत तर काही नाही. १९०० मध्ये मोहीम बंद झाली. पाच वर्षांनी ती पुन्हा सुरू करावी लागली, तोवर पतंगाचं क्षेत्र कितीतरी पट वाढून तो शेजारच्या ऱ्होड आयलंड आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत शिरला होता. १९०० साली थांबले नसते तर नायनाट झाला असता का, यावर वाद घालणारे लोक आहेत. आम्हाला नाही वाटत. पण साथ ओसरल्यावर आधी साथीचं खातं बंद करायचं, ही रीत आपल्यालाही काही अपरिचित नाही.

पुढचा टप्पा फार थोड्या लोकांना माहीत असतो, म्हणून त्यावर जरा थांबू. युरोपात या पतंगाला खाणारे, त्याच्या अंगात वाढणारे कीटक आहेत. तेच आणून सोडावेत, असा विचार पुढे आला. विचार वाजवी होता. १९०६ पासून जे कीटक आणले गेले त्यांत 'कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा' नावाची एक माशी होती. तिची मादी जिवंत सुरवंटाच्या अंगात अळ्या सोडते, आणि त्या त्याला आतून खातात. अडचण अशी, की डिस्पारची वर्षाला एकच पिढी होते, आणि या माशीच्या तीन-चार. मग डिस्पारचे सुरवंट संपल्यावर उरलेल्या उन्हाळ्यात माशीने करायचं काय? तिने दुसरे सुरवंट शोधले. आजवर तिची शिकार म्हणून नोंदलेल्या जाती पावणेदोनशेहून अधिक आहेत. न्यू इंग्लंडचे मोठे रानरेशमाचे पतंग, म्हणजे सेक्रोपिया, प्रोमेथिया, हे विसाव्या शतकात तिथून विरळ होत गेले. लोकांनी शहरांना, दिव्यांना, फवारणीला दोष दिला. २००० साली मॅसॅच्युसेट्समधल्या तीन संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सेक्रोपियाचे ५०० सुरवंट झाडांवर सोडून पाहिले. पाचव्या अवस्थेच्या पुढे एकही जगला नाही. पहिल्या तीन अवस्थांतल्या मृत्यूंपैकी ८१ टक्के या माशीमुळे झालेले निघाले.

सेक्रोपिया आणि प्रोमेथिया हे त्रुवेलोच्या पॉलिफेमसच्याच कुळातले. रेशमाच्या आशेने त्याने ज्या पतंगांसाठी पाच एकरांवर जाळी टाकली होती, त्यांच्या सग्यासोयऱ्यांना त्याच्याच हातून निसटलेल्या पतंगाच्या बंदोबस्तासाठी आणलेली माशी खात होती.

डीडीटीची गोष्ट तुलनेने परिचित आहे, ती थोडक्यात. १९५७ मध्ये न्यूयॉर्क आणि आसपासच्या राज्यांत तीस लाख एकरांहून अधिक जागेवर विमानांतून डीडीटी फवारलं गेलं : जंगल, तळी, गोठे, घरं, सगळ्यावर. लाँग आयलंडच्या काही रहिवाशांनी सरकारवर खटला भरला. ते हरले. पण त्या खटल्यातली साक्षी-माहिती रेचेल कार्सन यांच्यापर्यंत पोचली, आणि १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात या पतंगावरची फवारणी येते ती तिथून. फवारणीने पतंग गेला म्हणाल तर नाही. १९८१ मध्ये त्याने सव्वा कोटी एकरांहून अधिक जागेवरची झाडं ओकीबोकी केली. त्याला पहिला खरा दणका १९८९ मध्ये बसला, तो एका जपानी बुरशीने. बॉस्टनजवळ तीच बुरशी १९१०-११ मध्ये सोडून पाहिली होती आणि उपयोग नाही म्हणून ते काम सोडून दिलं होतं.

आता पुन्हा अंगाकडे. मघापासून आम्ही 'युरोपातली मादी' असं म्हणतोय, ते मुद्दाम. याच जातीची पूर्व आशियातली मादी उडते, आणि चांगली उडते. रात्री दिव्यांकडे ओढली जाते. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर दिवे असतात, त्यामुळे ती जहाजाच्या पोलादावर अंडी घालते आणि जहाज महासागर ओलांडतं. १९९१ मध्ये रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या जहाजांमुळे हा पतंग उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडला. तेव्हापासून पतंगांच्या हंगामात त्या बंदरांतून येणाऱ्या जहाजांना अंडी तपासल्याचा दाखला सोबत ठेवावा लागतो. दिसायला दोन्ही माद्या जवळजवळ सारख्या. सगळं धोरण मात्र त्या एका फरकावर उभं आहे.

आपल्या देशातही हा वंश आहे. काश्मीर आणि हिमाचलात लिमँट्रिया ऑब्फस्काटा विलो, पॉप्लर, सफरचंदावर पडते. लिमँट्रिया मथुरा तर नावानेच आपली. लंडनमध्ये बसून फ्रेडरिक मूर यांनी १८६५-६६ च्या सुमाराला तिचं वर्णन केलं, म्हणजे त्रुवेलो मेडफर्डमध्ये जाळी टाकत होता त्याच वर्षांत. तिच्या मादीचे मागचे पंख गुलाबी असतात. साल आणि ओकवर ती वाढते. इथे ती आपल्या घरी आहे, तिला खाणारे तिच्यासोबत आहेत, त्यामुळे तिची साथ आली तरी ओसरते. अमेरिकेत मात्र हिचं नाव येऊ नये अशा कीटकांच्या यादीत आहे.

शेवटी नावाबद्दल. अमेरिकेत या पतंगाला इंग्रजीत शंभराहून अधिक वर्षं 'जिप्सी मॉथ' म्हटलं गेलं. सरकारी अहवालांत या शब्दापुढे नायनाट, विनाश, उपद्रव असे शब्द छापलेले असायचे. युरोपातल्या रोमा लोकांना हा शब्द शिवीसारखा लागतो, आणि ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी 'नायनाट' प्रत्यक्ष भोगला त्यांना तो का लागावा हे समजावून सांगायची गरज नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेने ते नाव यादीतून काढलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये 'स्पंजी मॉथ' हे नाव स्वीकारलं. ते फ्रेंचमधून आलंय. फ्रेंचमध्ये या पतंगाला 'स्पाँजिएझ' म्हणतात, अंड्यांच्या त्या केसाळ गठ्ठ्यावरून.

मेडफर्डमध्ये हा पतंग आजही आहे. तिथल्या रहिवाशांना दर हिवाळ्यात सांगितलं जातं की झाडाचं खोड, कुंपण, अंगणातल्या बाकाची खालची बाजू नीट बघा. चामड्याच्या रंगाचा गठ्ठा दिसला तर बोथट सुरीने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. आणि खरवडताना हातमोजे घाला, केस अंगाला लागतात.